मक्यातले प्रथिन आणि रस्त्यावरचे खळे

दिवाळीच्या आगेमागे येवला-मालेगावकडच्या रस्त्यांवर डांबराची एक कड मक्याने पिवळी झालेली दिसते. अंगणात जागा नाही, परतीच्या पावसाचा भरवसा नाही. म्हणून खळे रस्त्यावर. बाजार समितीत व्यापारी मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो आणि आकडा 14 टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो. पुढे हा मका कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चला आणि अलीकडे इथेनॉलला जातो.

याच दाण्यात नऊ-दहा टक्के प्रथिन असते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास झेईन. 1821 साली जॉन गॉरहॅम या अमेरिकी रसायनज्ञाने ते वेगळे केले. पाण्यात ते विरघळत नाही, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात विरघळते. अल्कोहोल उडून गेले की चकचकीत, ओलावा अडवणारा पापुद्रा उरतो. म्हणून औषधी गोळ्यांवर आणि मिठायांवर त्याचा लेप देतात. 1948पासून काही वर्षे अमेरिकेत त्याचा ‘विकारा’ नावाचा लोकरीसारखा धागाही निघत असे. कृत्रिम धाग्यांपुढे तो टिकला नाही.

झेईन स्वस्त नाही. वापरलेले अल्कोहोल परत मिळवण्यातच खर्च होतो. पण इथेनॉलच्या कारखान्यात अल्कोहोल तर घरचेच. तिथे स्टार्च आंबवला जातो, प्रथिन चोथ्यात उरते आणि चोथा पशुखाद्यात जातो. तापवून वाळवलेल्या चोथ्यातून चांगले झेईन काढणे कठीण, तेव्हा ते आधीच काढण्याचा विचार व्हायला हवा. मक्याच्या इथेनॉलला उत्तेजन देताना सरकार लिटर मोजते. प्रथिनाचा हिशेब कोणी मागत नाही.

द्राक्षाची वाइन करून दाखवणाऱ्या नाशिकला प्रक्रिया उद्योगाचे धडे द्यायला नकोत. मात्र गोळीवर चढणाऱ्या मालाला बुरशी चालत नाही, आणि ओल्या मक्यात बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिन हे विषही येते. त्यामुळे झेईनच्या प्रकल्पाची घोषणा नंतर झाली तरी चालेल. आधी मका वाळवायची सोय हवी. ओलावा मोजून पैसे कापणाऱ्या बाजाराने तो ओलावा घालवणारे यंत्रही आवारात बसवावे. वाळवणीचे वाजवी भाडे शेतकरी देईल. कपात तर तो आजही सोसतोच आहे.