मजलाप्रमुख पाहिजे (पगार: शून्य)

परवा भाचीचा फोन आला. ती भंडाऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. "मामा, एक अर्ज लिहिला आहे, जरा पाहून द्या ना." म्हटलं पाठव. मला वाटलं शिष्यवृत्तीचा असेल. पण अर्ज होता मजलाप्रमुखाचा. म्हणजे त्यांच्याकडे दर मजल्याला एक मोठ्या वर्गातली मुलगी नेमतात. तिने रात्रीची हजेरी घ्यायची, पाण्याची मोटर बघायची, नवीन मुलींना काही अडलं-नडलं तर पाहायचं, आणि काही झालं तर बाईंना कळवायचं.

अर्जात लिहिलं होतं, "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. मी शिस्तप्रिय असून वरिष्ठांच्या आज्ञेचे पालन करते. तरी मला ही संधी देण्यात यावी, ही नम्र विनंती."

वाचलं आणि पोटात गोळा आला. कारण २००३ साली मी जवळजवळ हाच अर्ज लिहिला होता. शब्दसुद्धा तेच. वसतिगृह दुसरं, पण गाव हेच.

तर झालं असं. मी लाखांदूर तालुक्यातला. घरी धानाची शेती, आषाढात रोवणी आणि दिवाळीनंतर मंडई, एवढ्याच जगातून भंडाऱ्याला शिकायला आलेलो. दुसऱ्या वर्षाला नोटीस बोर्डावर चिठ्ठी लागली की मजलाप्रमुख निवडायचे आहेत, इच्छुकांनी अर्ज करावेत. मी केला. मानाचं पद वाटायचं हो! मुलाखतीला रेक्टरसरांनी दोनच प्रश्न विचारले. "रात्री कोण कोण भिंत चढून पिक्चरला जातं, माहीत आहे का?" आणि "नावं देशील का?" मी दोन्हीला "हो सर" म्हटलं. झाली निवड. हातात एक हजेरीवही मिळाली. बाकी काही नाही. ना कोणी काही शिकवलं, ना काही लिहून दिलं. कोणाला ताप आला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, गेटची किल्ली रात्री कुठे असते... काही नाही. (किल्ली सरांच्या घरी असायची. सरांचं घर दोन किलोमीटरवर.)

त्याच वर्षी डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, रासेयोचं श्रमदान झालं. दिवसभर पोरांनी माती खणली. रात्री साडेअकराला माझ्या मजल्यावरचा पहिल्या वर्षाचा एक मुलगा रडायला लागला. हातपाय ठणकतात, पाठ फाटते आहे म्हणाला. मी गेलो. अंगाला बाम चोळला. मनात काय आलं ते आज लिहायला लाज वाटते, पण लिहितो. दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट होती. मला वाटलं, पोरगा नाटक करतोय. "झोप आता, सकाळी पाहू," म्हणून मी खोलीत येऊन झोपलो. वहीत त्याच्या नावापुढे "हजर" लिहिलेलंच होतं.

पहाटे पाचला गेट उघडल्यावर त्याला सायकलरिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तो बोलायच्या पलीकडे गेला होता. डॉक्टरांनी मला विचारलं, "याला सिकलसेल आहे, ठाऊक नव्हतं?" नव्हतं. पूर्व विदर्भात घरोघरी ऐकू येणारा हा आजार. थंडी, अतिश्रम, अंगातलं पाणी कमी होणं यांनी अशा रुग्णाला जीवघेण्या वेदना सुरू होऊ शकतात, हेही मला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःचा आजार माहीत होता. पण पोरं चिडवतील म्हणून त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आणि मला का सांगावं त्याने? मी कोण होतो? सरांना नावं देणारा!

तो वाचला. पण घरचे येऊन त्याची पेटी घेऊन गेले. तो परत आला नाही. त्याचं शिक्षण तिथेच सुटलं.

वीस वर्षांहून जास्त झाली. या गोष्टीत मला माझा दोष दिसतो आणि तो मी कोणावर ढकलणार नाही. पण भाचीचा अर्ज वाचून जे डोक्यात गेलं ते एवढंच, की अजूनही आपण या कामासाठी माणूस निवडताना आज्ञाधारकपणाच बघतो. रात्री साठ पोरांच्या जिवाची जबाबदारी एका एकोणीस वर्षांच्या पोरावर टाकायची, त्याला शिकवायचं काही नाही, अधिकार द्यायचा नाही, पैसा द्यायचा नाही, आणि वर त्याला "सेवा" म्हणायचं. याला सेवा म्हणत नाहीत मंडळी, याला वेठबिगारी म्हणतात. आणि ती नुसती त्या पोरावर अन्याय करते असं नाही, ती धोक्याची आहे.

कोणी म्हणेल, कायदा नाही, नियम नाही, संस्थांनी काय करावं? तर नियम आहे. हिमाचलमध्ये मार्च २००९ मध्ये अमन काचरू हा वैद्यकीय विद्यार्थी रॅगिंगमध्ये मेला. त्यानंतर त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम काढले. आपण त्यातलं फक्त प्रतिज्ञापत्र लक्षात ठेवलं, जे दरवर्षी सही करून द्यायचं असतं. पण त्याच विनियमांत असं आहे की वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन हवा, त्याने वसतिगृहात किंवा अगदी जवळ राहावं, तो सर्व वेळ फोनवर मिळावा, आणि त्याची पात्रता ठरवताना शिस्तीबरोबरच मुलांशी बोलण्याचं, समुपदेशनाचं कसबही बघावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दर सहा नवीन विद्यार्थ्यांमागे एक मोठा विद्यार्थी मार्गदर्शक असावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे वरच्या वर्गातला आणखी एक.

सहामागे एक! माझ्याकडे साठ होते. भाचीच्या मजल्यावर किती आहेत विचारलं, तर म्हणाली, "छप्पन." म्हणजे कागदावर एका मजल्यासाठी निदान नऊ-दहा मार्गदर्शक हवेत, आणि प्रत्यक्षात एक मुलगी आणि एक हजेरीवही.

आता यावर जे आक्षेप येतात ते मला तोंडपाठ आहेत. पहिला म्हणजे, "सेवेला पैसे कशाला? पैशाने सेवाभाव मरतो." हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो, हे सोडून देऊ. पण ज्या महाराष्ट्रात शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, जिथे पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या पोरांना श्रम करून शिकायला लावलं, तिथे तरी हा आक्षेप शोभत नाही. "कमवा आणि शिका" हे आपलंच वाक्य. आपल्या विद्यापीठांत ती योजना आजही चालते. मुलं बागेत काम करतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, कार्यालयात फाइली नीट करतात, आणि तासाच्या हिशेबाने पैसे घेतात. झाडाला पाणी घालायचे पैसे, आणि रात्री दोनला तापाने फणफणलेल्या मुलीजवळ बसायचे शून्य? हा कुठला हिशेब? मेसचं बिल माफ करा निदान. ज्याच्या घरी दोन एकर धान आहे, त्याला महिन्याचं मेसबिल म्हणजे काय असतं, ते मेसबिल कधी न भरलेल्यांनी सांगू नये.

आणि पैशामागे आणखी एक गोष्ट आहे. फुकटच्या कामाबद्दल जाब विचारता येत नाही. मला त्या रात्रीबद्दल कोणी जाब विचारला नाही. "अरे तू तरी काय करणार" म्हणाले सगळे. तेव्हा बरं वाटलं होतं. आज वाटतं, कोणी तरी विचारायला हवं होतं, आणि माझ्याबरोबर मला नेमणाऱ्यांनाही.

दुसरा आक्षेप असा की पोरांच्या हातात अधिकार दिला तर पोरंच पोरांवर राज्य करतील, रॅगिंग वाढेल. हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. आमच्याही वेळी एक मजलाप्रमुख ज्युनियरांकडून कपडे धुऊन घ्यायचा. पण तो तसा का होऊ शकला? कारण त्याची निवड बंद खोलीत झाली होती आणि त्याच्याविरुद्ध बोलायला जागा नव्हती. निवडीच्या वेळी मजल्यावरच्या मुलांनाही विचारा. दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. काम काय आणि काय नाही, हे लिहून भिंतीवर लावा. पोरगा राज्य करतो ते अंधारात.

तिसरा आक्षेप माझा आवडता. "आज्ञाधारक मुलगाच बरा, नाहीतर शिस्त राहत नाही." कर्मवीरांचं चरित्र ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक असेल, की कोल्हापुरात शिकताना ते स्वतः जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंगातून त्यांना जावं लागलं. त्याच बेशिस्त मुलाने पुढे १९२४ साली साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं वसतिगृह काढलं. आता सांगा, आमच्या रेक्टरसरांच्या मुलाखतीत भाऊराव पाटील पास झाले असते का?

अमेरिकेतल्या कॉलेजांत या कामाला रेसिडेंट असिस्टंट म्हणतात. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण रीतसर अर्ज असतो, मुलाखत असते, सत्र सुरू होण्याआधी प्रशिक्षण असतं, आणि बऱ्याच ठिकाणी मोबदल्यात राहण्याची खोली मिळते. आणि तेही पुरत नाही म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या ॲमहर्स्ट इथल्या विद्यापीठात २००२ साली या विद्यार्थ्यांनी मतदान करून कामगार संघटना केली! म्हणजे मी "हो सर" म्हणण्याच्या एक वर्ष आधी. त्यांनी ओळखलं होतं की हे काम आहे. आम्हाला तो मान वाटत होता.

जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहात अठरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशय होता तो वसतिगृहातच काम करणाऱ्या माणसावर. सुट्टीच्या दिवसांत मजल्यावर ती एकटी उरली होती. मजलाप्रमुख असती तर हे टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे दोष पुन्हा एका पोरीच्या डोक्यावर ठेवणं. पण "आज मजल्यावर कोण एकटं आहे?" हा प्रश्न रोज संध्याकाळी विचारणं कोणाचं तरी काम असायला हवं, आणि उत्तर ऐकून हालचाल करणं वरच्या कोणाचं तरी. हजेरीवहीत फक्त हजर आणि गैरहजर असे दोनच रकाने असतात. एकटं, आजारी, घाबरलेलं, उपाशी यांचा रकाना नसतो.

असो. भाचीला मी सांगितलं, समाजसेवेची आवड खोड. आज्ञापालन तर आधी खोड. त्याऐवजी लिही की मी अमुक इतक्या मुलींची जबाबदारी घेऊ शकते, त्याहून जास्त नाही. आणि खाली चार प्रश्न लिही. रात्री गेटची किल्ली कोणाकडे असेल? दवाखान्यात न्यायचं तर गाडी कोणाची, पैसे कोणाचे? कोणत्या मुलीला सिकलसेल, दमा, फिट यांपैकी काही आहे हे तिच्या परवानगीने मला कोण सांगेल, आणि तेव्हा काय करायचं हे कोण शिकवेल? आणि चौथा, या कामाचा मोबदला काय?

फोनवर थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मामा, असा अर्ज केला तर मला घेणारच नाहीत."

म्हटलं, हो, नाही घेणार बहुतेक.

रात्री तिचा निरोप आला. अर्ज दिला होता, चारही प्रश्नांसकट. आणि मजल्यावरच्या एकतीस मुलींनी खाली सह्या केल्या होत्या. मोबदल्याचा प्रश्न तिने चौथ्यावरून पहिला केला होता. पोरगी माझ्यापेक्षा हुशार आहे.

उत्तर अजून आलेलं नाही. पण तुमच्या घरचं पोरगं-पोरगी वसतिगृहात असेल, तर आज रात्री फोन करून एवढंच विचारा की गेटची किल्ली कुठे असते.