भट्टीतील इंग्रजी, चुलीतील मराठी

अपरिचित इंग्रजी शब्द वेचून आपला शब्दसंग्रह वाढविण्याची हौस आपल्या सुशिक्षित वर्गात जुनी आहे. ती मला त्याज्य वाटत नाही. मात्र वेचलेल्या शब्दाचे कूळ विचारण्याची सवय आपल्याला नाही, आणि त्यामुळेच त्याचा दरारा टिकून राहतो.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचे उदाहरण घ्यावे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा भट्टीभोवती वावरणारे इंग्रजी शब्द बाहेरच्या माणसास भारदस्त वाटतात. वस्तुतः त्यांतील कित्येक स्वयंपाकघरातून आणि गोठ्यातून आलेले आहेत. भट्टीच्या तळचा ‘हार्थ’ म्हणजे चूल. तप्त रस वाहून नेणारे ‘लेडल’ म्हणजे पळी. भट्टीला गळा आहे, पोटही आहे. पूर्वी मुख्य पाटातून लहान साच्यांत रस सोडीत, तेव्हा ते दृश्य डुकरिणीस लुचणाऱ्या पिलांसारखे दिसे. म्हणून ते लोखंड ‘पिग’ झाले. तळाशी गोठून बसलेल्या लोखंडाच्या ढेपेस ‘सॅलमँडर’ म्हणतात, कारण हा प्राणी आगीत राहतो अशी युरोपात समजूत होती. रशियन भाषेत तीच ढेप ‘बोकड’ होते!

आपल्या परिभाषाकारांनी वाट निराळी धरली. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर हे जिल्हे एकाच राज्यात होते. त्या काळात डॉ. रघुवीर नागपुरास संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांतून हजारो संज्ञा सिद्ध करीत होते. एकच संज्ञा अनेक भारतीय भाषांना चालावी, हा त्यांचा हेतू क्षुद्र खचितच नव्हता. परंतु शास्त्रीय शब्द म्हणजे घरात न बोलला जाणारा शब्द, हा समज त्या उद्योगाने दृढ केला, असे माझे मत आहे. इंग्रजांना आपल्या चुलीची लाज वाटली नाही. मराठीतही ‘झोतभट्टी’ रूढ झाली, ‘बीड’ टिकले आणि ‘धातुमळी’त संस्कृत धातूशेजारी आपली मळी सुखाने बसली, हे सुदैवच.

भांड्याच्या तळाशी चिकटून राहते, जी पळीने खरडून काढावी लागते, तिला आपण खरवड म्हणतो. ‘सॅलमँडर’ हौसेने पाठ करणाऱ्यास हा शब्द आठवू नये, याचे मला वाईट वाटते. झोतभट्टीच्या तळच्या त्या ढेपेस ‘खरवड’ म्हणण्यास परिभाषाकारांची कोणती हरकत असेल?