मापाची सायकल

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथकाम सहज होते. त्यामुळे निवृत्तीनंतर पत्नीसाठी जुनी, लहान चणीची रेसर सायकल नवी करू पाहणाऱ्या गृहस्थाची निम्मी चिंता मिटते. उरलेली निम्मी अधिक अवघड असते: सायकल चकचकीत होते, पण पत्नीच्या अंगाला बसत नाही.

गृहस्थ सहसा सीट खाली करून मोकळे होतात. पाय टेकतात, हात मात्र ताणलेलेच राहतात. मान अवघडते, बोटांना मुंग्या येतात आणि महिन्याभरात सायकल जिन्याखाली जाते. दोष मात्र बाईंच्या सवयीला लावला जातो! अमेरिकेतील अभियंता जॉर्जिना टेरी यांनी १९८५ साली खास स्त्रियांसाठी सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लहान मापाच्या सायकलींना त्यांनी पुढचे चाकच लहान दिले. त्यामुळे सीट आणि हँडल यांतील अंतर कमी करता आले.

जुन्या सांगाड्यात एवढा बदल शक्य नसतो. तेथे आखूड स्टेम घ्यावा, हँडल थोडे उंच करावे, ब्रेकची मूठ लहान पंजात मावेल अशी बसवावी. डोंगरगणकडच्या चढासाठी फ्रीव्हीलचे सर्वांत मोठे चक्र २४ऐवजी २८ दात्यांचे घेतले, तर पायांवरचा जोर एक सप्तमांशाने घटतो. २७ इंची रिम काढून ७००सी लावल्यास ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर आसाकडे सरकवावे. नाहीतर ते टायरला घासून टायर कापते.

रंगाचा डबा सर्वांत शेवटी उघडावा. तोवर बाईंनी बिनरंगाच्या सायकलीवर चार-आठ दिवस फेऱ्या मारून घ्याव्यात.