अथेन्सचें स्तवन आणि मेंढ्याचें विस्मरण

लोकशाही ही ग्रीसची देणगी. ती इंग्रजांनीं आमच्या हातीं दिली. आणि आतां आम्हां सुशिक्षितांनीं ती रानावनांतील अजाण जनांस शिकवावयाची, असा एक सिद्धांत आमच्या पांढरपेशा घरांत सर्वमान्य होऊन बसला आहे. अरण्याच्या वेशीवर वसलेल्या चंद्रपुरांत तर तो नित्य कानीं पडतो. हा सिद्धांत ग्रीसविषयींहि खोटा आहे आणि अरण्याविषयींहि.

प्रथम ग्रीसचें पाहूं. इसवी सनापूर्वींच्या पांचव्या शतकांत अथेन्सनें सोफोक्लीसचीं नाटकें पाहिलीं, इ. स. पू. 447 मध्यें पार्थेनॉनचा पाया घातला आणि साक्रेटिसाचे प्रश्न ऐकले. या उत्कर्षाचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. परंतु आमचे विद्वान् संगमरवरी शिखर पाहतात. त्याखालचा चौथरा त्यांस दिसत नाहीं. इ. स. पू. 508 च्या सुमारास क्लाइस्थेनीसनें जी राज्यरचना केली, ती 139 खेड्यांवर व वस्त्यांवर उभी होती. प्रत्येकीची स्वतःची सभा असे आणि नागरिकांची नोंदहि तेथेंच होई. पेरिक्लीसचें भाषण ऐकावयास टेकडीवर जाणारा शेतकरी आधीं आपल्या गांवच्या सभेंत बसलेला असे. अथेन्सची लोकशाही खेड्यांतून वर चढली होती.

आतां आपल्या दाराशीं या. 1982 सालीं चंद्रपुरांतून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, धानोरा तालुक्यांत, मेंढा (लेखा) हें सुमारें पांचशे वस्तीचें गोंडांचें गांव आहे. तेथील ग्रामसभेंत स्त्रिया व पुरुष एकत्र बसतात आणि सर्वांची संमति मिळेपर्यंत निर्णय होत नाहीं. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वयें 2009 मध्यें सुमारें 1,800 हेक्टर वनावर या गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीहि बांबूच्या वाहतुकीचे परवाने मिळेनात. तेव्हां गांव अडून बसलें आणि 2011 सालीं केंद्रीय मंत्र्यांनीं स्वतः येऊन ते ग्रामसभेच्या स्वाधीन केले. 2013 मध्यें गांवानें आपली शेतजमीनहि ग्रामदान कायद्याखालीं ग्रामसभेस दिली. हे लोक कोणाकडून लोकशाही शिकावयाचे राहिले आहेत?

यावर कोणी म्हणेल, पांचशे माणसांच्या वस्तीची अथेन्सशीं तुलना कसली? तेथें सोफोक्लीस कोठें झाला? आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळीत नाहीं. पण ज्या स्वास्थ्यांत तीं नाटकें रंगलीं, तें लॉरियमच्या रुप्याच्या खाणींत खपणाऱ्या गुलामांनीं आणि मित्रराज्यांच्या खंडणीनें पुरविलें होतें, हेंहि त्याच श्वासांत सांगावें. अथेन्सच्या सभेंत स्त्रियांस जागा नव्हती. आणि बहुमताचा प्रताप पाहावयाचा असेल तर मिटिलीनी आठवावें. इ. स. पू. 427 मध्यें त्या बंडखोर नगरीचे सर्व प्रौढ पुरुष मारण्याचा ठराव सभेनें केला. दुसऱ्या दिवशीं थोडक्या मतांनीं तो फिरविला. आणि मागाहून धाडलेलें जहाज कसेंबसें वेळेवर पोंचलें, म्हणून ती नगरी वांचली. सर्वांची संमति होईपर्यंत थांबण्याची रीत तेथें असती, तर पहिलें जहाज बहुधा निघालेंच नसतें. मेंढ्याची रीत मंद खरी. पण त्या मंदपणांतच तिचें शहाणपण आहे.

ग्रीसचा इतिहास वाचूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. उलट तो अधिक बारकाईनें वाचावा. मुलांस अथेन्स शिकवितांना त्यांस एकदां मेंढ्याच्या सभेंत नेऊन गप्प बसवावें, आणि त्यांच्याबरोबर आपणहि गप्प बसावें. चंद्रपुराहून तें गांव एका दिवसाच्या वाटेवर आहे. तेवढी वाट चालण्याची ज्यांची तयारी नाहीं, त्यांनीं निदान अरण्यवासीयांस लोकशाहीचे धडे देण्याची तसदी घेऊं नये.