आधी वजन, मग वेग!

गाडी घेतली की "ॲव्हरेज किती देते?" असे विचारणारा आपला मराठी माणूस धनुष्य घेतल्यावर मात्र "स्पीड किती?" असे विचारतो, ह्याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

मंडळाच्या ओळखीतल्या काही घरांत अलीकडे कम्पाऊंड धनुष्ये आली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही वैयक्तिक जगज्जेते झाले. तेव्हापासून धनुष्यबाण म्हणजे रामलीलेतले लाकडी खेळणे नव्हे, हे आपल्या मुलांना पटले. पण दुकानात जाऊन आपण आणतो काय? शिकारीसाठी बनवलेले सत्तर पौंडांचे धनुष्य. का? तर खोक्यावर ठळक अक्षरांत ३४० लिहिलेले असते! मग त्या आकड्याच्या जवळ जाण्यासाठी मिळतील तितके हलके बाण घ्यायचे आणि शेजाऱ्याच्या धनुष्यापेक्षा आपले दहा फुटांनी पुढे आहे म्हणून मिरवायचे. ह्या वेगाच्या वेडाविरुद्ध हा लेख आहे. कोणाला राग आला तर क्षमस्व, पण प्रश्न मुलांच्या खांद्यांचा आणि बोटांचा आहे. तेव्हा स्पष्टच लिहितो.

खोक्यावरचा आकडा कोणाचा?

तो ३४० हा आकडा म्हणजे सेकंदाला ३४० फूट. तो मोजताना सहसा धनुष्याचा ताण ७० पौंड, दोरी ओढण्याची लांबी ३० इंच आणि बाणाचे वजन फक्त ३५० ग्रेन धरतात. म्हणजे ताणाच्या दर पौंडामागे ५ ग्रेन. आता आपले माप काढू. उंचीच्या इंचांना अडीचने भागले की ओढण्याची लांबी अंदाजे मिळते. पाच फूट सहा इंचांच्या आपल्या मराठी गृहस्थाची ती साडेसव्वीस इंच भरते. ओढ एक इंचाने कमी झाली की वेग साधारण दहा फुटांनी घटतो, ताण कमी केला की आणखी घटतो. म्हणजे तो आकडा सहा फुटांच्या वरच्या, दणकट खांद्यांच्या माणसाचा आहे. दुसऱ्याच्या मापाचा कोट आपण घालतो आणि वर बाह्या लांब आहेत म्हणून अभिमान बाळगतो!

तोळ्यांचा हिशेब

ग्रेन हे माप आपल्याला परके वाटते, पण ते आपल्या सोन्याच्या हिशेबात बसलेले आहे. एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. ज्यांनी गोल्ड सूकमध्ये घासाघीस केली आहे त्या भगिनींना पुढचा हिशेब आमच्यापेक्षा लवकर कळेल.

६० पौंडांचे एक बऱ्यापैकी धनुष्य घ्या. त्यातून ३०० ग्रेनचा, म्हणजे पावणेदोन तोळ्यांहून किंचित कमी वजनाचा बाण सोडला, तर तो सेकंदाला साधारण २९० फूट वेगाने जाईल. त्याच धनुष्यातून ४५० ग्रेनचा, म्हणजे अडीच तोळ्यांचा बाण साधारण २४५ फुटांनी जाईल. धनुष्यागणिक आकडे थोडे बदलतील, पण प्रमाण असेच राहील. ताशी किलोमीटरांत सांगायचे तर एक ३१८ आणि दुसरा २६९. शेख झायेद रोडवरचा कॅमेरा दोघांनाही सारखाच दंड करील!

आता ऊर्जा काढू. ग्रेनमधले वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, की फूट-पौंडांत उत्तर मिळते. हलक्या बाणाची ऊर्जा ५६ भरते, जडाची ६०. वजन आणि वेग ह्यांचा साधा गुणाकार, म्हणजे शाळेत शिकलेला संवेग, पाहिला तर जड बाण सव्वापटीहून थोडा अधिक भरतो. वेग घटला आणि पदरात जास्त पडले! ज्या मराठी माणसाला पैशाचा हिशेब इतका चोख येतो, त्याला हा कळू नये?

ह्याचे कारण घरच्या घरी पडताळता येईल. दिवाळीच्या चिवड्यातला एक चुरमुरा सगळा जोर लावून फेकून पाहा. खांदा दुखेल आणि चुरमुरा समोरच्या सोफ्यापर्यंतही पोचणार नाही. मग त्याच हाताने एक सुपारी फेका. (खिडकी बंद करून.) चुरमुऱ्याला आपला जोर घेताच येत नाही. उरलेला जोर जातो कुठे? आपल्याच खांद्यात!

धनुष्याचेही तेच आहे. दोरी ओढताना त्यात समजा ७० फूट-पौंड ऊर्जा साठली. जड बाण त्यातली ६० घेऊन गेला, मागे १० राहिली. हलक्या बाणाने ५६ नेली, मागे १४ राहिली. ही मागे राहिलेली ऊर्जा दोरी, भुजा, कॅम म्हणतात ती चाके आणि आपले मनगट ह्यांच्यात वाटली जाते. म्हणून हलका बाण सुटताना धनुष्य कर्कश वाजते आणि हातात थरथरते. बाण न लावता रिकामी दोरी सोडली तर सगळीच ऊर्जा धनुष्याला पचवावी लागते आणि भुजा फुटूही शकते. बाण जितका हलका, तितके आपण त्या रिकाम्या दोरीच्या जवळ जातो. म्हणूनच दर पौंडामागे ५ ग्रेनपेक्षा हलका बाण वापरू नका, असे बहुतेक कंपन्या बजावतात. पण ती ओळ बारीक अक्षरांत असते आणि ३४० हा आकडा मोठ्या!

आमच्या पिढीला एक उदाहरण पुरेसे व्हावे. अजमानच्या शेजारी, शारजाच्या मैदानावर, एप्रिल १९९८ मध्ये सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक दिवसाआड दोन शतके ठोकली. त्या काळातल्या सर्वांत जड बॅटींपैकी एक त्याच्या हातात असे. हलकी बॅट जास्त वेगाने फिरते, हे त्याला कोणी सांगितले नसेल असे वाटते का?

वेगाला गुण नाहीत

वेगवादी मंडळी म्हणतील, "स्पर्धेत तरी वेग लागतोच ना!" चला, स्पर्धेकडे जाऊ.

कम्पाऊंडची मैदानी स्पर्धा ५० मीटरवर होते. दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटरचे, आमटीच्या लहान वाटीच्या तोंडाएवढे. सामन्यात बाण पंधरा. बर्लिनच्या अंतिम सामन्यात अदितीने १५० पैकी १४९ गुण मिळवले आणि ओजसने १५० पैकी १५०. म्हणजे पंधराच्या पंधरा बाण त्या वाटीत! त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके घेतली. ह्या गुणपत्रकांत वेगाचा रकाना कुठेही नाही. साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली, उसाच्या शेतातल्या मैदानावर ही दोघे घडली ती तोच बाण त्याच जागी पुन:पुन्हा लावण्याच्या तपश्चर्येतून.

आणखी एक गंमत. जागतिक संघटनेच्या नियमानुसार कम्पाऊंड धनुष्याचा ताण ६० पौंडांपेक्षा जास्त चालत नाही. आपण हौसेने आणलेले सत्तर पौंडांचे धनुष्य खाली उतरवल्याशिवाय स्पर्धेच्या रेषेवर उभेही करता येणार नाही! बंदिस्त सभागृहात, १८ मीटरवर, हेच नामवंत धनुर्धर मुद्दाम जाड नळीचे, जड आणि संथ बाण घेतात, कारण जाड बाण वर्तुळाच्या रेषेला लवकर शिवतो. बाहेर वाऱ्यात ते बारीक नळीचे, पण जड टोकाचे बाण घेतात. प्रत्येक वेळी आधी काम ठरते, मग वजन, आणि वेग जो येईल तो.

वेगाचे श्रेय वेगाला

एकतर्फी लिहिल्याचा आरोप नको म्हणून वेगाची बाजूही मांडतो. वेगवान बाणाचा मार्ग सरळ असतो. निशाण ३० मीटरवर आहे असे समजून बाण सोडला आणि ते निघाले ३३ मीटरवर, तर वरच्या उदाहरणातला हलका बाण सुमारे ६ सेंटिमीटर खाली लागेल आणि जड बाण सुमारे ९. हा फायदा खरा आहे. पण तो कोणाला? ज्याला अंतर ठाऊक नाही त्याला! आपल्या मैदानावर अंतर टेपने मोजलेले असते. तिथे हे तीन सेंटिमीटर शून्य होतात.

"पण धनुष्य शिकारीचे आहे, शिकारीत अंतर कोण मोजून देतो?" ठीक. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची दारे बंद केली आहेत, आणि इथे अमिरातीतही रानातल्या प्राण्या-पक्ष्यांवर शस्त्र चालवणे हा गुन्हा आहे. मग राहिली आफ्रिकेची सहल. तिथले नियम काय सांगतात? नामिबियात धनुष्याने शिकार करायची तर प्राण्याच्या आकारमानाप्रमाणे बाणाचे किमान वजन आणि किमान ऊर्जा ठरवून दिलेली आहे. त्या नियमांत किमान वेग नाही! दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात बाणांच्या भेदनशक्तीचा वर्षानुवर्षे अभ्यास करणारे डॉ. एड ॲशबी तर मोठ्या हाडाशी गाठ पडणार असेल तर बाण ६५० ग्रेनच्या वर, म्हणजे साडेतीन तोळ्यांहून जड असावा, असे सांगतात. हलका बाण हाडावर अडकतो आणि जनावर जखमी होऊन तडफडत राहते. तेव्हा मैदानात वेगाला गुण नाहीत आणि रानात निव्वळ वेगाला दया नाही. मग ते ३४० कोणासाठी? माझ्या मते फक्त दिवाणखान्यातल्या गप्पांसाठी.

मग समतोल कुठे?

सरावासाठी दर पौंडामागे ६ ते ७ ग्रेन हा सुज्ञ मध्यममार्ग आहे. ५० पौंडांच्या धनुष्याला ३०० ते ३५० ग्रेन, ६० पौंडांना ३६० ते ४२०. म्हणजे साठ पौंडांना बाण दोन तोळ्यांच्या खाली नको, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. वजन वाढवताना नुसते टोक जड करून भागत नाही. टोक जड झाले की नळी सुटताना जास्त लवचते, म्हणून स्पाइन, म्हणजे नळीचा ताठपणा, कंपनीच्या तक्त्यावरून पुन्हा जुळवावा लागतो. एका संचातल्या बाणांची वजने एकमेकांशी जुळणे तर सर्वांत महत्त्वाचे.

आणि आपला अजमानचा उन्हाळा विसरू नका. जुलैमध्ये गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवले तर दोरी सैलावते आणि गरम करून चिकटवलेले टोक सुटून निशाणातच राहते. कार्बनच्या नळीला सूक्ष्म तडा गेला असेल तर ती दोरी सोडताना फुटते आणि तिच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणून प्रत्येक बाण सोडण्याआधी किंचित वाकवून, कानाशी धरून पाहायचा. करकरला तर थेट कचऱ्यात. पाच-पंचवीस दिरहमांचा लोभ नको.

मुलांविषयी एकच सांगतो. दोरी ओढताना मुलाला धनुष्य आकाशाकडे न्यावे लागत असेल, तर ते त्याला झेपत नाही. त्या क्षणी बोट निसटले तर बाण कुठे जाईल ते देवच जाणे! ताण कमी करा. वेग जाईल, जाऊ द्या. वाढत्या वयातला दुखावलेला खांदा मात्र लवकर परत येत नाही, आणि दुखण्यामुळे खेळ सोडलेले मूल तर बहुधा येतच नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कम्पाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. आपल्या मुलांसमोर हे दार आत्ता उघडते आहे. त्यांना उंबरठ्यावरच पाडायचे का?

कार्यकारिणीला माझी जाहीर विनंती आहे. मंडळाच्या खर्चाने सोनाराकडे असतो तसा एक छोटा डिजिटल काटा आणि धनुष्याचा ताण मोजणारा एक काटा घ्यावा. दोन्ही मिळून एका हळदीकुंकवाच्या वाणापेक्षा जास्त खर्च येणार नाही. मंडळाच्या नावाने जिथे सराव होईल तिथे प्रत्येक बाण आधी तोलावा, आणि दर पौंडामागे ६ ग्रेनपेक्षा हलका बाण कोणालाही, अगदी अध्यक्षांनाही, सोडू देऊ नये. सराव फक्त परवानगी असलेल्या बंदिस्त मैदानावरच व्हावा. सुट्टीच्या दिवशी मसफूत किंवा मनामाकडे सहलीला जाऊन मोकळ्या वाळूत बाण सोडण्याचा विचारही कोणी करू नये. टेकाडापलीकडे कोणाचा उंट आहे की कोणाचे मूल, हे आपल्याला दिसत नाही.

वेगवादी बंधूंना ह्यातले काही अमान्य असेल तर त्यांनी पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत अवश्य उत्तर लिहावे. फक्त लिहिण्यापूर्वी आपले बाण एकदा काट्यावर ठेवावेत आणि वजन लेखात नमूद करावे.

कळावे, लोभ असावा.