ऐकीव अर्थशास्त्राचा धोका

जागतिक अर्थकारणाविषयी कार्यकर्त्यांत वाढलेली जिज्ञासा निःसंशय स्वागतार्ह आहे. डॉलर, व्याजदर, नाणेनिधी हे शब्द आज तालुक्याच्या शाखेतही ऐकू येतात, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी व्हिडिओ व पॉडकास्ट यांना द्यावे लागेल. डेव्हिड हार्वे यांची मार्क्सच्या ‘भांडवल’वरील व्याख्याने २००८ पासून कोणालाही विनामूल्य पाहता येतात. विद्यापीठाचे दार ज्यांना बंद होते त्यांच्यापर्यंत ज्ञान पोचले, याला नाक मुरडणे हा पंडिती अहंकार होय. परंतु ऐकणे म्हणजे अभ्यास नव्हे. हा भेद विसरला, तर आपला राग कोणावर काढायचा हे दुसरेच कोणी ठरवील.

श्रीलंकेचे उदाहरण घ्यावे. १२ एप्रिल २०२२ रोजी त्या देशाने परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली. चीनच्या कर्जसापळ्यात देश बुडाला, असा एका वाक्याचा निवाडा असंख्य व्हिडिओंनी दिला. हंबनटोटा बंदर २०१७ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले, हे खरे. पण चिनी कर्जाचा वाटा, हिशेबाच्या पद्धतीनुसार, सुमारे १० ते २० टक्के होता. त्याहून मोठा, एक-तृतीयांशाहून अधिक हिस्सा २००७ पासून आंतरराष्ट्रीय रोखेबाजारातून चढ्या व्याजाने उचललेल्या कर्जाचा होता, आणि त्याच्या धनकोंत अमेरिका-युरोपातील बड्या गुंतवणूक कंपन्या होत्या. त्यात २०१९ मध्ये मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला गेला, महासाथीने पर्यटन बसले आणि २०२१ मधील रासायनिक खतांच्या आयातबंदीने भातशेतीचे कंबरडे मोडले.

मग हा रोखेधारक सावकार गोष्टीतून गळाला कसा? त्यासाठी कटाची गरज नाही. जाहिरातीवर जगणाऱ्या माध्यमाला प्रेक्षक खिळवून ठेवावा लागतो. खलनायक एकच असला की गोष्ट रंगते. कर्जाचा तक्ता रंगत नाही. परिणाम मात्र राजकीय असतो. मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. ज्या चहामळ्यातील मजुराने एकही रोखा घेतला नव्हता, त्याच्या माथी करवाढ आणि वीजदरवाढ आली. त्याच्या वतीने सावकाराला जाब कोण विचारणार?

आपल्या बाजूचे व्हिडिओही या दोषापासून मुक्त नाहीत. ‘डॉलर उद्या कोसळणार’ ही घोषणा टाळ्या मिळवते. जगाच्या परकीय चलनसाठ्यातील डॉलरचा वाटा १९९९ मधील सुमारे ७१ टक्क्यांवरून २०२४ अखेर सुमारे ५८ टक्क्यांवर आला. पाव शतकातली ही घसरण खरी. पण तिला कोसळणे म्हणणे ही आत्मवंचना आहे.

म्हणून व्हिडिओ जरूर पाहावेत, पण अभ्यासवर्गात, एकत्र बसून. मध्येच थांबवून विचारावे: धनको कोण? आकडा कोणत्या साली, कोणी मोजला? भार कोणावर पडला? मग तो आकडा मध्यवर्ती बँकेच्या अहवालाशी ताडून एकाने तो शेतमजुराला कळेल अशा मराठीत सांगावा. सखाराम गणेश देऊस्करांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ या पुस्तकात साम्राज्याची लूट सामान्यांना समजावली, ती आकडे गाळून नव्हे, आकडे देऊनच. लोकशिक्षणाची ती वाट आजही मोकळी आहे.