नदीखालचा तडा

दोस्तांनो, मडकं विकत घेताना आजी ते बोटाने वाजवून बघते ना? आवाजावरून तिला बरोब्बर कळतं, तडा आहे की नाही ते. आता समजा, तडा जमिनीलाच गेलाय, आणि तोही एका अवाढव्य नदीखाली, गाळाच्या थरांत दडलेला. मग काय वाजवायचं?

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी न्यू माद्रिद नावाचं गाव आहे. १८११-१२ च्या हिवाळ्यात तिथे एकामागून एक प्रचंड भूकंप झाले. नदी काही ठिकाणी थोडा वेळ चक्क उलटी वाहिली! हा भाग भूपट्टाच्या कडेपासून खूप दूर, १९९३ साली हादरलेल्या आपल्या किल्लारीसारखाच. तेव्हा तिथे वस्ती तुरळक होती. आज जवळच मेम्फिससारखं मोठं शहर आहे. म्हणून जमिनीखालचे तडे, म्हणजेच प्रस्तरभंग, शोधायलाच हवेत. पण ही नदी भारी खोडकर! दर पुरात नवा गाळ पसरते आणि जुन्या खुणा पुसून टाकते.

मग शास्त्रज्ञांनी तिलाच कामाला लावलं. २००८ साली त्यांनी हेलेना ते कॅरुथर्सव्हिल असं सुमारे ३०० किलोमीटर नदीचं पात्र बोटीतून तपासलं. बोटीमागे पाण्यात एक एअरगन असते. नाव बंदुकीचं, पण गोळी नाही हं! दाबलेली हवा ती एकदम सोडते. धप्प! तो आवाज तळातून खाली शिरतो आणि प्रत्येक थरावर आपटून थोडा थोडा परत येतो. बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या लांबलचक केबलमधले पाण्यातले माइक तो टिपतात. आवाज थरांतून सेकंदाला २००० मीटर वेगाने गेला आणि १ सेकंदाने परतला, तर थर किती खोल? २००० मीटर म्हणाल तर फसलात! जायचं आणि यायचं, म्हणून १००० मीटर.

जमिनीवर हेच करायचं तर शेतं, कुंपणं, रस्ते आडवे येतात आणि यंत्रं जागोजागी मांडत बसावं लागतं. बोट मात्र सरळ पुढे जात राहते.

असे हजारो धप्पे जोडले, की संगणकावर थरांचं चित्र उमटतं, वहीतल्या ओळींसारखं. एखाद्या जागी सगळ्या ओळी तुटून खालीवर सरकलेल्या दिसल्या, की समजायचं, इथे तडा आहे! सर्वात वरच्या, म्हणजे नव्या थरांतही ओळ तुटलेली असेल, तर तो तडा अलीकडे हललाय.

आणि मिसिसिपीखाली असे तडे सापडले, तेही न्यू माद्रिदच्या नेहमीच्या भूकंपपट्ट्याबाहेर, जिथे आज फारसे धक्के बसत नाहीत तिथे. ते कायमचे थंडावलेत की नुसते झोपलेत, यावर शास्त्रज्ञांचं डोकेफोड काम चालू आहे.